डोंगरातल्या गावाचा चित्रपट महोत्सव

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात टेल्युराइड नावाचं एक गाव आहे. उंची सुमारे 2,670 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दीडपटीहूनही जास्त. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. तीन बाजूंना उभे कडे. एके काळी इथे सोन्या-चांदीच्या खाणी होत्या. त्या मंदावल्या तसं गावही ओसरलं. अशा गावात 1974 साली चित्रपट महोत्सव सुरू झाला आणि आज जगातले मोठमोठे दिग्दर्शक आपली नवी कलाकृती घेऊन तिथे जातात. कोणते चित्रपट दाखवणार, हे आदल्या दिवसापर्यंत गुपित असतं. तरीही लोक कित्येक महिने आधी पास काढून ठेवतात.

मला त्या गावाचं सगळ्यात मोठं अप्रूप वाटतं ते जागेच्या बाबतीत. गावात जुनं नाट्यगृह आहे, शेरिडन ऑपेरा हाऊस, 1913 सालचं. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या गिरगावात, कॉरोनेशन चित्रपटगृहात, दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला होता. पण एवढ्या पाहुण्यांना ते नाट्यगृह पुरत नाही. मग प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेचं चित्रपटगृह होतं. बर्फावर हॉकी खेळायच्या जागेत खुर्च्या, पडदा, ध्वनियंत्रणा असं सगळं उभं राहतं आणि महोत्सव संपला की उतरवलं जातं. या कामाला स्वयंसेवक राबतात. मोबदला म्हणून त्यांना चित्रपट बघायला मिळतात. खुर्च्या लावणारा आणि त्या खुर्चीवर बसणारा, दोघं एकच! हे मला फार मोलाचं वाटतं.

1979 सालची एक रात्र सांगतो. आबेल गान्स हे फ्रेंच दिग्दर्शक तेव्हा 89 वर्षांचे होते. त्यांचा 1927 सालचा ‘नेपोलियन’ हा मूकपट गावातल्या बागेत, उघड्यावर दाखवला गेला. त्याच्या शेवटच्या भागाला शेजारीशेजारी तीन पडदे लागतात. कडाक्याच्या थंडीत, रात्री उशिरापर्यंत लोक बसून राहिले, आणि समोरच्या हॉटेलच्या खिडकीतून गान्स स्वतः आपला चित्रपट पाहत होते. पन्नास वर्षं जग ज्याला जवळपास विसरलं होतं, त्या माणसाला एका खाणगावाने हा मान दिला.

आपल्या देशातही असं डोंगरातलं गाव आहे, हिमाचल प्रदेशातलं धरमशाला. 2012 पासून तिथे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. रितू सरीन आणि तेनझिंग सोनम या दिग्दर्शक जोडप्याने तो सुरू केला. स्पर्धा नाही. तिथल्या मॅक्लोडगंज भागाच्या चढावर दिग्दर्शक, विद्यार्थी, तिबेटी कुटुंबं एकाच रस्त्याने चालतात. मघाशी पाहिलेल्या चित्रपटाबद्दल दिग्दर्शकालाच चहाच्या टपरीवर विचारता येतं. मोठ्या शहरात हे कुठून व्हायचं? तिथे खेळ सुटला की प्रत्येकजण स्टेशन गाठतो.

मुंबईला सिनेमाची वाण कधीच नव्हती. देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव 1952 साली इथेच भरला. 1968 पासून प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी चांगले चित्रपट दाखवत आली आहे. आणि त्याहून जवळची आठवण म्हणजे गणपतीतले गल्लीतले सिनेमे. रस्त्यावर आडवा पडदा, मधोमध सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर, रीळ बदलताना होणारा गलका. पडद्यामागे बसलेल्यांना सगळं उलटं दिसायचं, नायक डावखुरा व्हायचा, तरी जागा मिळाली याचंच समाधान! वर्गणी चाळीची, वायर चाळीतल्याच कुणाची, सतरंज्याही घरोघरच्या. टेल्युराइडमध्ये जे घडतं त्याचं बीज आपल्याकडे होतं. आता घराघरात, हातातल्या मोबाइलवर सिनेमा आला आणि शेजाऱ्याबरोबर बसून बघणं सुटलं. मला याचं खरंच वाईट वाटतं.

म्हणून माझी विनंती आहे ती मंडळांना, वाचनालयांना आणि सोसायट्यांच्या कमिट्यांना. दिवाळीनंतर, हवेत गारवा आला की, एकत्र सिनेमा बघण्यासाठी दोन संध्याकाळी ठरवा. जवळच्या शाळेला सभागृह मागा. चित्रपटाच्या हक्कधारकाची लेखी परवानगी आधी घ्या. छोटे निर्माते आणि माहितीपट करणारी तरुण मुलं विचारलं तर बहुधा आनंदाने देतात. त्यांनाही बोलवा. आणि खुर्च्या लावायचं काम कंत्राटदाराला देऊ नका, इमारतीतल्या मुलांना द्या.

नमस्कार.