न जुळलेल्या नंबराचं काय?

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात माझ्या मोबाइलवर ई-चलानाचा मेसेज आला. हेल्मेट नसल्याचा दंड. शहर भलतंच, आणि त्या दिवशी माझी स्कूटर साताऱ्यात, आमच्याच अंगणात, ताडपत्रीखाली उभी. चलानातला फोटो मोठा करून पाहिला. ती स्कूटर निळी, माझी करडी. पाटीवरच्या ८ च्या डाव्या अंगाला चिखल लागला होता आणि कॅमेऱ्यानं तो ३ वाचला होता. तक्रार केली, चलान रद्द झालं. पण तो चिखलानं माखलेला आठ डोळ्यांसमोरून हलेना.

नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा काम कसं करतो, ते आधी सांगते. समोरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी तो टिपतो, अक्षरं-आकडे वाचतो आणि चोरीच्या किंवा पोलिसांना हव्या असलेल्या गाड्यांच्या यादीशी ताडून बघतो. नंबर जुळला की पोलिसांना इशारा जातो. चोरीला गेलेली गाडी, पळवून नेलेलं मूल यामुळे सापडतं, हे मला मान्य आहे. हे कॅमेरे काढून टाका, असं मी म्हणणार नाही.

पण जुळलेला नंबरही कसा फसवतो बघा. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातलं ऑरोरा शहर, ऑगस्ट २०२०. यंत्रानं इशारा दिला की ही गाडी चोरीची आहे. पोलिसांनी पिस्तुलं रोखली. गाडीत एक कृष्णवर्णीय बाई आणि चार मुली, सर्वांत धाकटी सहा वर्षांची. मुलींना तापलेल्या डांबरावर पालथं झोपवलं, त्यांतल्या दोघींना बेड्या घातल्या. त्या पोरींचं रडणं लोकांनी मोबाइलवर टिपलं, ते जगानं ऐकलं. चोरीला गेली होती ती मोटारसायकल, दूरच्या मोंटाना राज्यातली. नंबर तोच, राज्य वेगळं. म्हणजे यंत्रानं आकडे बरोबर वाचले होते. पाटीवरचं राज्याचं नाव आणि समोरचं वाहन बघायची तसदी माणसांनी घेतली नाही. २०२४ मध्ये शहरानं त्या कुटुंबाला १९ लाख डॉलर भरपाई दिली.

ही चूक निदान दिसली, तिच्यावर ओरडता आलं. मला जास्त घोर लागतो तो न जुळलेल्या नंबरांचा. कॅमेऱ्याखालून जाणाऱ्या बहुतेक गाड्यांचा कशाशीच संबंध नसतो. कुणी डायलिसिसला निघालेलं, कुणी वकिलाकडे, कुणी मोर्चाला. त्यांचे नंबर, वेळ आणि ठिकाण यांचं पुढे काय होतं?

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात कायदा सांगतो, नंबर जुळला नाही तर तीन मिनिटांत नोंद पुसा. आपल्यापैकी कितीजणांची मुलं न्यू जर्सीत आहेत! तिथे मुदत तीन वर्षांची आहे, आणि २०२२ पर्यंत ती पाच वर्षं होती. यंत्र तेच, देश तोच. एकीकडे मिनिटं, दुसरीकडे वर्षं. ब्रिटनमध्ये साधारण एक वर्ष. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं २००८ मध्ये दोन राज्यांचे कायदे रद्द केले, कारण नंबर कशासाठी टिपायचा हेच त्यांत नीट लिहिलेलं नव्हतं. मग २०१८ मध्ये तेच न्यायालय आणखी पुढे गेलं. नंबर जुळला नाही आणि लगेच पुसला, तरी त्या माणसाची तपासणी झालीच. तेव्हा तिलाही सबळ कारण लागेल, असं ते म्हणालं. हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

साठवलेली नोंद हाताशी असली की मोह होतोच. कॅन्सस राज्यात सेजविक नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या पोलीसप्रमुखानं २०२३ मध्ये आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीची आणि तिच्या नव्या मित्राची गाडी या यंत्रणेत २२८ वेळा शोधली. शोधताना कारणं खोटी टाकली. हा २२८ आकडा कळला कसा? कोणी, कधी, काय शोधलं याची नोंद राहत होती म्हणून. कायदा करताना हे एक कलम कुणी गाळू नये.

आता आपल्याकडे. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर २०२४ पासून कॅमेरे गाड्यांचे नंबर वाचून चलानं पाठवतात. वेगावर लगाम हवाच. त्या घाटात किती घरं उजाडली, ते आपण जाणतो. पण खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमतानं दिला. नंतर २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला, आणि त्यानं गुन्हा रोखण्यासाठी वा तपासासाठी वापरलेल्या माहितीला बहुतेक बंधनांतून सूट दिली. संसदेनं इथे हात आखडला, असं माझं स्पष्ट मत आहे. तपासाला सूट द्या, पण ज्याच्यावर कसलाही संशय नाही त्याच्या नोंदीला मुदत तरी घाला.

माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहून ठेवला आहे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. तीनच प्रश्न आहेत. ज्या गाडीवर कसलीही तक्रार नाही, तिचा नंबर आणि फोटो किती दिवस ठेवता? तो कोण बघू शकतं? बघणाऱ्याची नोंद राहते का? उद्या सकाळी पोस्टात टाकणार आहे. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं की याच वेळेला तुम्हाला वाचून दाखवीन.

नमस्कार.