टीडीएसच्या आकड्यात काय बसत नाही

(जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातल्या एका गावात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी त्या तपकिरी पाण्याचं उरकून टाकू. इथे आल्यापासून जो तो तेच विचारतोय.

फिल्टर विकणारा माणूस दारात येतो. दोन ग्लास मांडतो, एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. सळया असलेलं उपकरण दोन्हीत बुडवून वीज सोडतो. मिनिटभरात तुमच्या ग्लासात गाळच गाळ, वर फेस. त्याचा ग्लास जसाच्या तसा. घरातली बाई हबकते, हे आपण लेकरांना पाजतो म्हणून. पण ताई, तो गाळ सळईचा आहे. सळई लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि गंज उतरतो. त्याच्या मशीनच्या, म्हणजे आरओच्या पाण्यात क्षार फारसे नसतातच, म्हणून वीज वाहत नाही. पुढच्या वेळी त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, आता सोड वीज. चहाही न घेता जाईल.

त्याच्या खिशातलं टीडीएस मीटर मात्र प्रामाणिक आहे. फक्त ते एकच गोष्ट सांगतं, विरघळलेले क्षार अंदाजे किती, आणि तेही वीज किती वाहते त्यावरून. आयएस १०५०० या आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत टीडीएस चांगला, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायची मुभा आहे. क्षार जास्त झाले की डाळ शिजत नाही, हीटरवर पांढरा थर बसतो. मुतखड्याचं खापरही आपण क्षारांवरच फोडतो. वैशाखात पारा ४५ वर जातो, माणूस शेतात घाम गाळतो आणि पाणी पितो तांब्याभर. खडा होणार नाही तर काय? पाणी कमी पिणं हे त्याचं मोठं कारण आहे.

जंतू या मीटरला दिसत नाहीत. जारच्या पाण्यात गटारीचे चार थेंब पडले तरी आकडा जवळपास तेवढाच राहील. आणि तुमच्याकडे येणाऱ्या उघड्या जारवर ना तारीख असते, ना तो शेवटचा कधी धुतला याचा पत्ता.

पाण्यात वाईट दोन तऱ्हेचं असतं, जिवंत आणि विरघळलेलं. दोन्हींचे उपाय वेगळे. आपण एकाचं औषध दुसऱ्याला देतो, माझं सगळं भांडण एवढंच आहे.

विरघळलेल्यांत आपल्या भागाची खरी काळजी नायट्रेटची आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटने सर्वाधिक ग्रासलेले देशातले १५ जिल्हे दिले आहेत, त्यांत जळगाव आहे. शेजारचा बुलढाणाही आहे. कारण शोधायला लांब जायला नको. केळीच्या एका झाडाला २०० ग्रॅम नत्राची शिफारस आहे. म्हणजे हजार खोडांमागे दोन क्विंटल नत्र. सगळं युरियातून द्यायचं तर ४५ किलोच्या जवळजवळ दहा गोण्या. ही झाली शिफारस. त्यावर हात सैल सोडणारेही समोर बसलेत, मी नावं घेत नाही. झाड सगळं नत्र उचलत नाही. उरलेलं नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली उतरतं. सातपुड्याच्या पायथ्याची आपली जमीन गोटे-वाळूची, पाणी भराभर जिरवणारी. पाणी जिरतं तसं हेही जिरतं. उकिरडा आणि संडासाचा शोषखड्डा त्यात भर घालतात.

नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम, आणि इथे मानक सवलत देत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. टीसीएलने, म्हणजे टाकीत टाकतात त्या क्लोरीनच्या पावडरीने, ते जात नाही. उकळलं तर पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे वाढतंच. आरओने मात्र बरंच कमी होतं, तेवढं श्रेय त्या मशीनला द्यायला हवं. सगळ्यात जास्त धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला, ज्याचं पावडरचं दूध बोअरच्या पाण्यात कालवलं जातं. रक्त प्राणवायू नेईनासं होतं, ओठ-नखं निळसर पडतात. आई अंगावर पाजत असेल तर हा धोका जवळजवळ नाही.

आता जिवंत. टाकीत टीसीएल पडलं म्हणजे काम झालं असं नाही. पाणी बंद असताना पाइप रिकामा असतो. गटारीतून गेलेल्या नळीला चीर असली की बाहेरचं आत येतं. त्यात आपण नळाला मोटर लावतो. मोटर पाणी ओढते तशी घाणही ओढते, आणि ती शेजाऱ्याच्याही घरात जाते. नळ सुटल्यावर पहिलं पाणी सांडायला, अंगण शिंपायला घ्या. शेवटच्या घरात क्लोरीन निदान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवा. ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची तपासणी करताना येणारा पिवळा रंग टाकीखाली बघून चालणार नाही, शेवटच्या गल्लीत बघा. तिथे रंग आला नाही तर आधी टीसीएलचं पोतं तपासा. ताज्या टीसीएलमध्ये क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. तोंड उघडं ठेवलं की ओल लागून तो उडून जातो. घरात टिपाडात चार दिवस साठवलं तरी क्लोरीन उरत नाही, मग त्यात हात बुडाला की संपलं. ओगराळं वापरा.

एका भाऊंनी चिठ्ठी पाठवली आहे, ‘मग जार बंद करू का?’ आधी तपासा, मग ठरवा. नळाचा आणि बोअरचा नमुना वेगळा घ्या. जंतूंसाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटलीच घ्या. ती विसळायची नाही, आत क्लोरीन मारणारं औषध असतं. थंड पेटीतून २४ तासांच्या आत पोचवा. रसायनांसाठी साधी स्वच्छ बाटली चालते, त्याच पाण्याने तीनदा विसळून. आणि सरपंच, ग्रामसभेत अहवाल वाचाल तेव्हा नुसतं ‘पिण्यास योग्य’ म्हणून कागद मिटू नका. नायट्रेटपुढचा आकडा वाचून दाखवा, आणि नमुना कोणत्या गल्लीतल्या नळाचा होता तेही.