दहा दिवसांपूर्वीचं खाणं, आजचा बलक

श्रोतेहो, नमस्कार.

अंडं फोडून बशीत घेतलं, तर पांढऱ्या भागात चरबी जवळजवळ नसतेच. असते ती सगळी बलकात. बलकाचा साधारण निम्मा भाग पाणी आणि एक तृतीयांश चरबी, म्हणजे एका अंड्यात पाच-साडेपाच ग्रॅम. ऐकायला थोडी वाटते. पण वर्षाला 300 अंडी देणाऱ्या कोंबडीचा हिशेब मांडा, तो दीड किलोच्या पुढे जातो. ती कोंबडी वर्षभरात जवळजवळ स्वतःच्याच वजनाइतकी चरबी आपल्या हाती देते. ती आणते कुठून, तेवढंच आज सांगतो.

ही चरबी अंडाशयात बनत नाही, यकृतात बनते. कोंबडी अंड्यावर आली की यकृत दाण्यातल्या पिष्टापासून नवी चरबी घडवतं, खाल्लेल्या तेलातली तिच्यात मिसळतं आणि रक्तातून अंडाशयाकडे पाठवतं. तिथे बलकाचे गोळे घडासारखे लटकलेले असतात, एक मोहरीएवढा, एक वाटाण्याएवढा, एक पूर्ण भरलेला. प्रत्येक गोळा शेवटच्या आठ-दहा दिवसांत झपाट्याने भरतो. म्हणून आज खाद्यातलं तेल बदललं तर उद्याच्या अंड्यात काही दिसणार नाही. पूर्ण फरक दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. चारच दिवस पाहून ‘काही उपयोग नाही’ म्हणत तेल बंद करणारे भेटतात, तेव्हा मला फार हळहळ वाटते.

लिनोलेइक आम्ल, म्हणजे चरबीचाच एक घटक, कोंबडीला स्वतः बनवता येत नाही. खाद्यात ते निदान 1 टक्का तरी हवं. कमी पडलं की अंडी बारीक होतात. मका, सोयातेल, सूर्यफूल तेल यांत ते चांगलं असतं. मक्याच्या जागी गहू किंवा तांदळाची कणी वाढवली असेल, तर मात्र इकडे लक्ष द्या.

तेलात पिष्टाच्या सव्वादोन पट ऊर्जा असते, आणि ते पचताना अंगात उष्णताही कमी तयार होते. उकाड्यात कोंबडी दाण्याला तोंड लावत नाही, तेव्हा हे कामी येतं. पण ऊर्जा भागली की ती कमी खाते. मग त्याच कमी खाण्यात प्रथिनं आणि कॅल्शियम पुरेसं बसवावं लागतं. नुसतं तेल ओतून मोकळं झालात, तर अंड्याचं कवच पातळ होईल.

आता चरबीच्या जातीबद्दल. बलकातला संतृप्त चरबीचा वाटा फारसा हलत नाही. असंतृप्त मात्र खाद्याच्या मागोमाग जातो. जवस घातलं की त्यातली ओमेगा-3 ही असंतृप्त चरबी बलकात उतरते, यकृत तिच्यातल्या थोड्या भागाचं डीएचए, म्हणजे ओमेगा-3 चाच दुसरा प्रकार, तेही करतं. पण जवस 10 टक्क्यांवर नेलं तर अंड्याला माशाचा वास येऊ शकतो. आणि खाद्य बदलून कोलेस्टेरॉल नाहीसं होतं असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. त्यात फरक पडतो तो अगदी किरकोळ.

सरकीच्या पेंडीची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. तिच्यात उरलेल्या तेलात काही वेगळी आम्लं असतात. ही पेंड खाल्लेल्या कोंबडीची अंडी थंड जागी साठवून महिन्याभराने फोडली तर पांढरं गुलाबी झालेलं दिसतं, आणि बलक रबराच्या चेंडूसारखा घट्ट. कोंबडी तर ठणठणीत असते! खाद्यात काय होतं ते फक्त अंडं सांगतं.

यकृतावर भार पडला की उलट होतं: कोंबडी चांगली गुबगुबीत, अंडीही चालू, आणि सकाळी अचानक मेलेली सापडते. तुरा फिकट. पोट उघडलं तर यकृत पिवळट, बोट लावलं की मऊ लोण्यासारखं फुटणारं, आणि भोवती रक्ताची गुठळी. दोष तेलावर जातो. पण गरजेपेक्षा जास्त ऊर्जा आणि हालचाल नाही, ही मुख्य जोडी. ती जादा ऊर्जा बहुतेक वेळा दाण्यातूनच आलेली असते. अशी एक मेली, तर बाकीच्यांची वजनं लगेच करून पाहा.

शेवटी ताजेपणा. खवट तेल खाद्यातलं ई जीवनसत्त्व खाऊन टाकतं. पिंप उघडल्यावर दोन थेंब तळहातावर चोळून वास घ्या. नाकाला टोचला, तर ते पिंप खाद्यात जाऊ देऊ नका.

नमस्कार.