पाचव्या दिवशीही ताप उतरला नाही तर

(अंबाजोगाईत आशाताई आणि खेड्यांत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

आपल्याकडे लेकराला ताप आला आणि अंगावर लाल पुरळ दिसलं, की निदान घरातच होतं: गोवर. दाराला लिंबाचा डहाळा लागतो, घरात फोडणी बंद होते, आठ दिवस लेकराला बाहेर काढत नाहीत. गोवरसुद्धा जीव घेतो, तेव्हा घरी थांबणं तिथंही वाईटच. पण कावासाकी आजारात, म्हणजे ताप-पुरळ घेऊन येणाऱ्या आणि हृदयाच्या धमन्या सुजवणाऱ्या लहान मुलांच्या आजारात, नेमके तेच आठ दिवस हातचे जातात.

टोकियोचे बालरोगतज्ज्ञ डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६१ साली चार वर्षांच्या एका मुलात हा आजार पाहिला. नाव काय द्यावं कळेना, म्हणून निदानाविना त्याला घरी सोडलं. पुढं तशीच लेकरं दिसत गेली आणि १९६७ साली त्यांनी ५० मुलांची नोंद छापली. बघायचं आणि लिहून ठेवायचं, एवढ्यावर हा आजार सापडला. अजूनही रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ छापून येईल अशी याची तपासणी नाही, आणि कारणही पक्कं कळलेलं नाही.

बघायचं काय? ५ दिवस किंवा जास्त ताप, आणि सोबत पाचांपैकी चार गोष्टी. दोन्ही डोळे लाल, पण चिपडं नाहीत. ओठ लाल, फाटलेले किंवा जीभ लाल आणि दाणेदार (हे दोन्ही मिळून एकच लक्षण). अंगावर पुरळ. हातपाय सुजलेले, तळवे लाल. मानेत एका बाजूला दीड सेंटिमीटरहून मोठी गाठ. शिवाय लेकरू इतकं किरकिरं होतं की आईच्या कडेवरही थांबत नाही.

खरी अडचण पुढं आहे. ही लक्षणं एकत्र भेटत नाहीत. डोळे लाल होतात तेव्हा लेकरू गावातल्या डॉक्टरकडं असतं. पुरळ येतं तेव्हा तालुक्याला, केजला, आणि तिथं ती औषधाची रिअ‍ॅक्शन ठरते. लातूरच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत डोळे निवळलेले, पुरळ गेलेलं, हातात नुसता तापाचा कागद आणि तीन वेगवेगळी अँटिबायोटिक्स. म्हणून आज काय दिसतं यापेक्षा आठवड्यात काय काय दिसून गेलं हे विचारा. आता घरोघरी मोबाईल आहे. आईला म्हणावं, रोज एक फोटो काढ. बोटांची कातडी नखांपासून सोलायला लागली की अनेक जण निदान करतात, पण ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. तोवर उशीर झालेला असतो.

आणखी एक जागा बघा: बीसीजीच्या लसीचा व्रण. काही तान्ह्या मुलांत तो अचानक लाल होऊन सुजतो. डाव्या दंडावरची बाही वर करायला काय लागतं? सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर चार लक्षणांचा हट्ट धरूच नका. एक-दोन लक्षणं, न उतरणारा ताप, वाढलेला सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी), एवढ्यावर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला पाठवा. प्लेटलेट्स बहुधा दुसऱ्या आठवड्यात वाढतात; आधी नॉर्मल आल्या म्हणून निश्चिंत होऊ नका.

घाई कशासाठी, तर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांसाठी. त्यांना सूज येते, भिंत कमजोर होऊन फुगवटा धरते, त्यात गुठळी झाली तर लहान मुलालाही हार्ट अटॅक येतो. उपचार नसेल तर चारातल्या एका मुलात असं नुकसान होऊ शकतं. पहिल्या १० दिवसांत इम्युनोग्लोब्युलिन (रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं) दिलं तर प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवर येतं. मात्रा किलोमागे २ ग्रॅम, म्हणजे १२ किलोच्या मुलाला २४ ग्रॅम, सलाईनमधून १०-१२ तासांत. औषध महाग आहे, हे मी लपवत नाही. सोबत अ‍ॅस्पिरिन. पहिला इको चांगला आला तरी आजार नाही असं होत नाही. दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा सहाव्या आठवड्याच्या सुमारास तो करायचाच.

इथं आपला बीड जिल्हा आडवा येतो. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला जातात आणि सहाव्या आठवड्याचा इको फडातच राहतो. आशाताई, टोळी निघण्याआधी त्या घरी जा, इकोचे कागद पिशवीत ठेवायला लावा. अ‍ॅस्पिरिन सुरू असताना कांजण्या किंवा फ्लू आला, तर लगेच डॉक्टरला फोन करायला सांगा, कारण तेव्हा हेच औषध मेंदू आणि यकृताला घातक ठरू शकतं. इम्युनोग्लोब्युलिननंतर गोवर-रुबेलाची लस ११ महिने पुढं ढकलावी लागते, कारण मधल्या काळात ती नीट लागू पडत नाही. ती तारीख लसीकरण कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा. कारखान्यावर लस टोचायला येणाऱ्या सिस्टरला दुसरं कोण सांगणार?