जठर स्वतःलाच का पचवत नाही?

(थेट कॅमेऱ्याकडे बघत)

नमस्कार मंडळी. जठर म्हणजे काय, तर स्नायूंची एक पिशवी. म्हणजे शेवटी मांसच. या पिशवीत दुसऱ्या कुठल्या प्राण्याचं मांस पडलं, की काही तासांत त्याचा पातळ लगदा होतो. मग पिशवी कशी शाबूत राहते?

शाळेत मी हे विचारलं होतं तेव्हा उत्तर मिळालं, 'आतून चिकट थर असतो.' चूक नाही, पण अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं जास्त मजेदार आहे.

आधी हे काम किती अवघड आहे ते बघू. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. प्रयोगशाळेत ही माळ पूर्ण सुटी करायची, तर नेहमीची पद्धत अशी: हायड्रोक्लोरिक आम्लाचं चांगलं तीव्र द्रावण, बंद नळी, ११० अंश सेल्सिअस तापमान आणि २४ तास. तुमचं पोट हेच काम ३७ अंशांवर, काही तासांत उरकतं. कशाच्या जोरावर? एन्झाइमच्या. पाठ्यपुस्तकात याला 'विकर' म्हणतात. (हसून) 'विकार' नव्हे, विकर. एका कान्याचा फरक आहे, पण परीक्षेत महागात पडतो.

एन्झाइम ही स्वतः प्रथिनंच असतात. त्यांच्या अंगावर एक खाच असते. त्या खाचेत नेमका आपला पदार्थ बसतो, बंध तुटतो, तुकडे बाहेर पडतात आणि एन्झाइम पुढच्या गिऱ्हाइकासाठी मोकळं.

पोटात रसायनशास्त्र चालतं, नुसतं घुसळणं नाही, हे माणसात उघड्या डोळ्यांनी कुणी पाहिलं? १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक बुजलंच नाही. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने मग त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडले, ओढून बाहेर काढले, तपासले. जठररस बाटलीत घेतला, अंगाइतका ऊबदार ठेवला, त्यात मांस टाकलं. तेही विरघळलं! शरीराबाहेर! १८३३ मध्ये त्याने हे सगळं छापलं. त्या बिचाऱ्या अ‍ॅलेक्सिसला हे किती रुचलं असेल, हा प्रश्न मला दर वेळी पडतो. मधूनमधून तो निघूनही जायचा. तीन वर्षांनी, १८३६ मध्ये, जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वानने त्या रसातला प्रथिनं तोडणारा घटक वेगळा दाखवला आणि नाव दिलं पेप्सिन.

(स्क्रीनवर: जठराच्या अस्तराचं चित्र)

आता मूळ प्रश्नाकडे. जठराच्या पेशी पेप्सिन बनवतच नाहीत! बनवतात ते पेप्सिनोजेन. म्हणजे म्यानातली सुरी. त्याच रेणूचा एक पट्टा खाचेवर आडवा बसलेला असतो, त्यामुळे पेशीच्या आत ते कुणालाच कापू शकत नाही. बाहेर पडून आम्लात आलं की पट्टा सैल होतो, कापला जातो आणि सुरी म्यानाबाहेर. आम्लाचं मोठं काम हेच. शिवाय प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडणं आणि जंतू मारणं. प्रत्यक्ष कापाकापी पेप्सिनची.

आणि तो चिकट थर? तोही हवाच. त्यात आम्ल मारणारं बायकार्बोनेट असतं. पोकळीत सामू, म्हणजे pH, दोनच्या आसपास, म्हणजे कडक आम्ल; तर थराखाली अस्तराला लागून जवळजवळ सात, म्हणजे साध्या पाण्यासारखं. पेप्सिनला काम करायला आम्ल लागतं. भिंतीपाशी ते नसतंच.

तोंडातल्या लाळेत अमायलेज असतं, ते मात्र बिनम्यानाचं, थेट चालू. का? ते पिष्टमय पदार्थ तोडतं, आणि आपलं शरीर काही पिष्टाचं बांधलेलं नाही. धोका प्रथिनं कापणाऱ्यांचा, म्हणून म्यान त्यांना.

खरी काळजी दिसते ती स्वादुपिंडात, म्हणजे जठरामागच्या पाचकरस बनवणाऱ्या ग्रंथीत. इथे प्रथिनं तोडणारी बरीच एन्झाइम बनतात, सगळी झोपलेली. त्यातलं मुख्य ट्रिप्सिनोजेन. त्याला जागं करणारी किल्ली स्वादुपिंडात ठेवलेलीच नाही. ती लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, तिथल्या अस्तरावर असते. नाव एन्टेरोपेप्टिडेज. ती ट्रिप्सिनोजेनच्या टोकाचा छोटा तुकडा उडवते, त्याचं ट्रिप्सिन होतं, आणि मग ट्रिप्सिनच बाकीच्यांना उठवत सुटतं. कुलूप एका घरात, किल्ली दुसऱ्या घरात! त्यातूनही एखादं ट्रिप्सिन आतच जागं झालं, तर त्याला जखडून टाकणारं एक प्रथिन स्वादुपिंड जवळ बाळगतं.

इतकं करूनही कधी कधी घात होतो. पित्ताशयातला खडा घसरून स्वादुपिंडाच्या नळीच्या तोंडाशी अडकला, किंवा दारूचा मारा झाला, तर एन्झाइम स्वादुपिंडातच जागी होऊ शकतात आणि ते स्वतःलाच पचवू लागतं. याला स्वादुपिंडदाह म्हणतात. पोटाच्या वरच्या भागात भयंकर कळ, बऱ्याचदा थेट पाठीपर्यंत जाणारी, सोबत उलट्या. डॉक्टर तेव्हा रक्तातलं लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचं चरबी तोडणारं एन्झाइम, तपासतात. आतड्यात असायला हवं ते रक्तात सापडतं, नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त. अशी कळ आली तर 'पित्त झालं असेल' म्हणून घरी बसू नका, दवाखाना गाठा.

आणि हो, आपण ज्याला 'पित्त झालं' म्हणतो, ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं. खरं पित्त यकृतात बनतं आणि त्यात पचवणारं एन्झाइम एकही नसतं. मग ते करतं काय? ते पुढच्या व्हिडिओत. भेटू.