फोडणीआधीचा तुकडा

नमस्कार श्रोतेहो.

पाऊस लागला की गोव्यातल्या मांजरांचे दिवस बदलतात. १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, ट्रॉलर बंद. ताजी मासळी थोडी आणि महाग. मग डब्यातली सुकी सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी, आणि खारे बांगडे बाहेर निघतात. मागोमाग श्रावण येतो आणि कितीतरी घरांत मासळीच बंद होते. आपण वरण-भातावर, खतखत्यावर महिना आनंदाने काढतो. पण उंबऱ्यावर बसलेल्या माऊचं काय?

आमच्या फोंड्याच्या घरी चिंगी आहे. एका पावसाळ्यात ती गप्प गप्प राहू लागली. उडी मारेना, बशीकडे फिरकेना, दिवसभर चुलीमागे पडून. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिचा ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. पांढऱ्याफटक! मग विचारलं, "हिच्या पोटात कांदा जातो का?" मी म्हटलं, "छे, मांजर कुठे कांदा खातं?" आणि बोलता बोलताच मला किसमूर आठवली. सुक्या सुंगटांची किसमूर आमच्याकडे दिवसाआड व्हायची. उरलेली मी भातात कालवून चिंगीला घालत होते. खोबरं, मिरची, कोकम, आणि मूठभर चिरलेला कांदा. मीच माझ्या हाताने घालत होते, श्रोतेहो. ती वाचली, पण ते आठ दिवस मी विसरलेली नाही.

कांद्यात गंधकाची काही संयुगं असतात. ती रक्तातल्या तांबड्या पेशींना इजा करतात आणि पेशी फुटू लागतात. रक्तातलं हिमोग्लोबिन जिथे अशा माऱ्याला बळी पडतं, अशा जागा माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन, कुत्र्याच्या चार आणि मांजराच्या आठ असतात. म्हणून आपल्याला रोज पचणारा कांदा तिला बाधतो. वजनाच्या दर किलोमागे ५ ग्रॅम कांदा पोटात गेला तरी रक्तात बिघाड दिसू लागतो. चार किलोच्या मांजराला २० ग्रॅम, म्हणजे मध्यम कांद्याची जेमतेम एक फोड! ती एका वेळी जायला हवी असंही नाही, रोज थोडी थोडी गेली तरी नुकसान साठत जातं. शिजवून, तळून, वाळवून हे विष जात नाही. लसूण तर कांद्याहून जहाल. तेव्हा कांदा पडलेलं माशाचं हुमण, लसूण भरलेला चोरीस म्हणजे गोव्याचं सॉसेज, शाकुतीचा रस्सा, यातलं काहीही तिच्या बशीत नको. खाल्ल्यावर लगेच काही दिसत नाही, दोनचार दिवसांनी दिसतं. धाप, मरगळ, लालसर-तपकिरी लघवी. असं दिसलं तर थांबू नका.

मासळी साफ करतानाच दोन तुकडे बाजूला काढा. मीठ नाही, हळद नाही, नुसत्या पाण्यात उकडा, काटे काढा आणि निववून घाला. काहीजण म्हणतील, कच्चीच का नको? मांजर तर कच्चंच खाणार! पण तारल्यांच्या कुळातल्या माशांत आणि आणखी काही माशांत असं एक द्रव्य असतं, जे थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, फोडून टाकतं. सतत कच्च्या मासळीवर वाढवलेल्या मांजराची मान छातीकडे झुकते, तोल जातो, पुढे झटकेही येतात. उकडलं की ते द्रव्य निष्प्रभ होतं. खाऱ्या मासळीत मिठाचा मारा असतो, तो नकोच.

दुधाचं थोडक्यात सांगते. पिल्लू आईचं दूध पचवतं, मोठं झालं की बहुतेक मांजरांची दुधातली साखर पचवायची ताकद कमी होते. तुमची माऊ दूध प्याल्यावर पातळ शी करत असेल, तर बशीत पाणी ठेवा. चवथीच्या नेवऱ्या आणि बेबिंक तिला गोड लागतात, असंही समजू नका. मांजराला गोड चव कळतच नाही, तिची ओढ तुपाकडे असते. चॉकलेट आणि बेदाणे मात्र हाताशी ठेवू नका. आणि ताप आलाय म्हणून आपली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका. ते औषध निकामी करायची सोय तिच्या यकृताला पुरेशी नाही. एक गोळी जीव घेऊ शकते.

आता श्रावण. शेजारच्या वहिनी मला दरवर्षी विचारतात, "महिनाभर दूध-भातावर राहील ना गं ती?" नाही राहणार, वहिनी. मांजर मांसाहारीच आहे. तिला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं, ते मांसात आणि मासळीत असतं, भातात आणि डाळीत नसतं. १९८७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की टॉरिन कमी पडलं तर मांजराचं हृदय फुगून दुबळं होतं. दीर्घकाळ कमी पडलं तर डोळ्यांचा पडदाही जातो. शिवाय नावडतं अन्न पाहून ती उपाशी बसली, तर लठ्ठ मांजराच्या यकृतात थोड्याच दिवसांत चरबी साचते. तिचा उपास पुण्याचा नाही, धोक्याचा आहे.

मग काय करायचं? मांजराचं तयार खाद्य आणा, त्यात टॉरिन घातलेलं असतं. कुत्र्याचं चालणार नाही. घरात मासळी नको असेल तर पडवीत वेगळं भांडं आणि वेगळी बशी ठेवा. आमच्या सासूबाई कडक श्रावण पाळतात, स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येऊ देत नाहीत. पण चिंगीच्या त्या आजारानंतर त्यांनीच पडवीच्या कोपऱ्यात तिची बशी मांडली. सकाळी पेज घेऊन झाली की त्या स्वतः खाद्याचा डबा उघडतात आणि हाक मारतात, "ये गं चिंगे, तुला कसला श्रावण!"

नमस्कार.