फॉर्मातला तो रकाना

नमस्कार मंडळी. पाडव्याच्या शुभेच्छा. मसालेभाताचा वास तुमच्यापर्यंत पोचलाय हे दिसतंय, त्यामुळे लांबण लावत नाही.

महाराष्ट्र दिनाच्या बालनाट्याचा आपला फॉर्म परवा घरी भरत होतो. नाव, वय, मग 'मुलगा की मुलगी'. नात म्हणाली, "आजोबा, झाडाचं काम करायला हे कशाला लागतं?" तिला खरंच झाड दिलंय. म्हटलं, असतंच ते फॉर्मात. "पण हवं कोणाला असतं?" झालं! वरण गार होईपर्यंत घरात जुंपली.

मी हुकमाचा एक्का काढला. बालगंधर्व! नारायणराव राजहंस शालू नेसून उभे राहिले की घरंदाज बायका त्यांची नेसण उचलायच्या, तुम्ही आम्हाला काय शिकवता? ती शांतपणे म्हणाली, "ते नाटक होतं ना? घरी ते नारायणरावच होते. ज्याला घरीसुद्धा दुसऱ्याचंच काम करावं लागतं, त्याचं काय?" सूनबाईंनी तेवढ्यात ताटं उचलली म्हणून माझी अब्रू वाचली.

माझं मत विचाराल तर ही नवी नावं मला पाठ होत नाहीत. नॉन-बायनरी म्हणे ना पुरुष ना बाई, जेंडरफ्लुइड म्हणे ओळख बदलत राहणारं, पुढचं विसरलो. नात तोंडी परीक्षा घेते आणि मी नियमाने नापास होतो. इतके खण हवेत कशाला, असंही वाटतं. पण हे आपण बोलावं? वधू-वर मेळाव्याचा आपलाच फॉर्म काढा. शाखा, पोटशाखा, गोत्र, नाडी, गण, मंगळ. टोरांटोच्या बर्फात उभं राहून आपण "कऱ्हाडे का देशस्थ?" विचारतो, आणि पोरांच्या चार शब्दांनी आपलं डोकं दुखतं.

बरं, रकाना वाईटच असतो असंही नाही. कॅनडाच्या 2021 च्या जनगणनेने जन्माच्या वेळचं लिंग आणि आजची ओळख असे दोन वेगळे प्रश्न विचारले. पंधरा वर्षांवरच्या सुमारे 3 कोटी 5 लाख लोकांत 1,00,815 जण ट्रान्सजेंडर, म्हणजे जन्माच्या नोंदीपेक्षा वेगळी ओळख असलेले, किंवा नॉन-बायनरी निघाले. म्हणजे तीनशेत एक. आज या हॉलमध्ये तीनशेच्या वर पानं आहेत, हिशेब तुम्हीच करा. भारतात 2011 च्या जनगणनेत 'इतर'खाली 4.88 लाख लोक नोंदले गेले. 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपली ओळख ज्याची त्याने ठरवायची, शस्त्रक्रियेची अट नको. आपल्या ठाण्याच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या खटल्यात होत्या. मग 2019 चा कायदा आला आणि त्याने जिल्हाधिकाऱ्याचं प्रमाणपत्र आणायला लावलं! तिथे माणसं रकाना मिळावा म्हणून कोर्टात गेली, आणि इथे माझी नात म्हणते खोडून टाका. मला दोघांचंही पटतं. रेशनकार्डावर, दवाखान्यात, पासपोर्टवर माणूस दिसलाच पाहिजे. झाडाच्या कामाला मात्र माझ्या मते नावापुढे वय पुरे.

"आपल्यात नसतं हो असलं काही," हे वाक्य मी याच हॉलच्या पार्किंगमध्ये ऐकलंय. एक कुटुंब दिवाळीपासून यायचं बंद झालंय. का, याची चर्चा आपण प्रत्येक भिशीत केली. फोन कोणी केला?

फॉर्म बदलणं सोपं आहे, कमिटी तो बदलेल. अडचण आहे ती जुलैच्या शिबिराची. तिथे मुलांच्या केबिन वेगळ्या, मुलींच्या वेगळ्या. एका आईने विचारलंय, माझ्या लेकराला कुठे झोपवणार? बाकीच्या आईबापांच्याही शंका आहेत, आणि त्या सगळ्याच खुळचट नाहीत. एकटं तिसऱ्या केबिनमध्ये ठेवावं तर ते शिबिर कसलं? नातीलाही विचारून पाहिलं, ती गप्प बसली. नोंदणी महिनाअखेरीस बंद होते, आणि त्या आईला आपण अजून काहीच कळवलेलं नाही.